गुणपत्रिकेपासून पगारपत्रकापर्यंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्यासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एक मथळा ठरलेला असतो : ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ च्या दहावीच्या निकालात मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ९६.१४ टक्के आणि मुलांचे ९२.३१ टक्के होते. बारावीत हेच आकडे ९४.५८ आणि ८९.५१ असे होते. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवले आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम केले, त्यामुळे हा मथळा वाचून मला दरवर्षी आनंद होतो. पण पाठोपाठ एक चुटपुटही लागते. गणिताच्या बाईला अर्धे सोडवून ठेवलेले उदाहरण पाहवत नाही, तशातला तो प्रकार आहे.

या मथळ्याच्या जोडीने अलीकडे आणखी एक वाक्य लेखांतून आणि भाषणांतून सारखे येते : विकसनशील देशांत मुलींच्या शिक्षणाचा आर्थिक परतावा मुलांच्या शिक्षणापेक्षा अधिक असतो. वाक्य खोटे नाही. जॉर्ज साखारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये १३९ देशांतील अकराशेहून अधिक अंदाज एकत्र करून जो आढावा घेतला, त्यात शाळेचे एक जादा वर्ष माणसाच्या कमाईत सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास भर घालते असे दिसले आणि स्त्रियांच्या बाबतीत ही भर पुरुषांपेक्षा सुमारे दोन टक्केबिंदूंनी जास्त भरली. मोजण्याची रीत जेकब मिन्सर यांनी १९७४ साली रूढ केली, तीच आजही चालते : माणसाचे शिक्षण, त्याचा अनुभव आणि त्याची कमाई यांचा मेळ घालायचा आणि शिक्षणाच्या एका वर्षाची किंमत काढायची. माझी हरकत या रीतीला नाही. हरकत आहे ती निष्कर्ष सांगताना गाळल्या जाणाऱ्या दोन शब्दांना. हा हिशेब ‘पगार मिळणाऱ्या’ बायकांचा आहे. शिकलेल्या सगळ्या बायकांचा तो नाही, आणि आपल्या देशात या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

आधी टक्क्यांचे पाहू. समजा, अजिबात न शिकलेल्या गड्याला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि तितक्याच न शिकलेल्या बाईला ३००. दोघे दहावीपर्यंत शिकले असते तर गड्याला ७५० आणि बाईला ५१० मिळाले असते असे धरू. गड्याची कमाई ५० टक्क्यांनी वाढली, बाईची ७० टक्क्यांनी. टक्क्यांत बाई जिंकली. रुपयांत मात्र गड्याला २५० जास्त मिळाले आणि बाईला २१०. आणि दहा वर्षे शाळेत घालवून ती निरक्षर गड्याच्या पुढे गेली ती दहा रुपयांनी. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण खुरपणीच्या बाईची हजेरी आणि फवारणीच्या गड्याची हजेरी यांतला फरक ज्यांनी गावात पाहिला आहे, त्यांना ते अवास्तव वाटणार नाहीत. स्त्रीच्या शिक्षणाचा परतावा मोठा दिसण्याचे एक कारण असे आहे की, न शिकलेल्या बाईच्या श्रमाला आपण फारच कमी मोल देतो. पाया खोल असला की इमारत उंच भासते. याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही : शिकलेल्या बाईला निदान शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी अशा ठरीव वेतनश्रेणीच्या जागा मिळू शकतात, जिथे मुकादमाच्या मर्जीवर मजुरी ठरत नाही. शिक्षणाने भेदभावाचा काही भाग खरोखरच कमी होतो.

आता हिशेबात कोण धरले गेले ते पाहू. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमबाजारात असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते. ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. पुरुषांचे त्याच वर्षीचे प्रमाण ७८.८ टक्के होते. वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागतही झाले. परंतु त्याच पाहणीत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के जणी ‘घरच्या व्यवसायात मदतनीस’ या सदरात आहेत. म्हणजे घरच्या शेतात, गोठ्यात किंवा दुकानात राबणाऱ्या, पण ज्यांच्या नावाने एक पैसाही निघत नाही अशा. प्रत्यक्ष काम असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४०.३ टक्के धरून त्यांतून या मदतनीस वजा केल्या, तर शंभर स्त्रियांमागे जेमतेम पंचवीस जणींच्या हाती स्वतःच्या कामाचे पैसे येतात. परताव्याचे सूत्र या पंचविसांना लावायचे आणि निघालेले उत्तर शंभरांच्या नावावर खपवायचे, हे आठवीतल्या मुलीने केले असते तर मी वहीत लाल रेघ मारली असती. अर्थशास्त्रज्ञांना ही अडचण ठाऊक आहे. जेम्स हेकमन यांनी १९७९ मध्ये तिच्यावर दुरुस्तीची पद्धत सुचवली आणि अशा कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळाले. पण ती दुरुस्ती शोधनिबंधांतच राहते. मथळ्यापर्यंत पोहोचत नाही.

शिकलेली बाई कामावर का दिसत नाही, याचे उत्तर बऱ्याच जणांना उलटे वाटते. आपल्याकडे सर्वांत कमी शिकलेली बाई सर्वांत जास्त कामावर असते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या नावाने आणि मोळ्या बायकोच्या डोक्यावर. त्या बाईला कामावर जाऊ की नको हा पर्यायच नसतो. तिची मुलगी दहावी-बारावी झाली की ऊसतोडीला पाठवणे घरच्यांना कमीपणाचे वाटते, आणि बारावीच्या शिक्षणाला साजेसे काम पंचक्रोशीत नसते. म्हणून ती घरी बसते. पदवी आणि त्यापुढे गेलेल्या मुलींत काम करणाऱ्यांचे प्रमाण पुन्हा वाढते. देश गरिबीतून वर येताना स्त्रियांचा श्रमसहभाग आधी घसरतो आणि पुढे शिक्षण व कार्यालयीन कामे वाढली की चढतो, असा उखळीच्या आकाराचा आलेख क्लॉडिया गोल्डिन यांनी १९९५ मध्ये मांडला. २०२३ चे नोबेल त्यांना स्त्रियांच्या श्रमबाजारावरील एकूण संशोधनासाठी मिळाले. आपल्या बारावी झालेल्या मुली त्या उखळीच्या तळाशी आहेत.

निवृत्तीपूर्वीच्या वर्षी माझ्या कार्यालयात एक माजी विद्यार्थिनी आली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात पहिल्या तिघींत असे. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत तिला हवी होती. जुने जनरल रजिस्टर काढून लिपिक नोंद शोधत होते, तेवढ्यात तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवली : बी.एस्सी.ची गुणपत्रके, बी.एड.चे प्रमाणपत्र, संगणकाचा एक अभ्यासक्रम, टंकलेखनाच्या परीक्षा. सगळ्यांना एकसारख्या दुहेरी घड्या होत्या. आणि एका घडीत गव्हाचे दोन दाणे अडकलेले होते. कागद धान्याच्या कोठीवर ठेवतात, म्हणजे उंदीर लागत नाहीत, असे तिने सांगितले. मी विचारले, काय करतेस सध्या? ‘काही नाही बाई, घरीच असते.’ नंतर बोलता बोलता कळले की ती पहाटे दोन म्हशींच्या धारा काढते, दूध संकलन केंद्रावर घालते, दिराच्या मुलांसह चार मुलांचा अभ्यास घेते आणि नवऱ्याच्या खत-बियाणांच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब ठेवते. डेअरीचे खाते सासऱ्यांच्या नावावर आहे. सरकारी पाहणीचा माणूस तिच्या दारी गेला असता तर त्याने तिला ‘मदतनीस’ लिहिले असते. अन् तिने स्वतः ‘काही नाही’ असे सांगितले असते, तर कदाचित तेही नाही. परताव्याच्या सूत्रात तिचे सतरा वर्षांचे शिक्षण शून्य भरते. पण दुकानाचा नफा, दुधाचे बिल आणि चार मुलांच्या गुणपत्रिका पाहिल्या तर परतावा निघाला नाही असे कोण म्हणेल? तो निघाला आणि इतरांच्या खात्यावर जमा झाला, एवढेच.

हे एका घरापुरते नाही. हरितक्रांतीच्या काळात जिथे शेतीचे उत्पन्न वाढले, तिथे शिकलेल्या वधूंना मागणी वाढल्याचे बेहरमन, फॉस्टर, रोझेंझवाइग आणि वशिष्ठ या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. ती का वाढली? या वधू नोकरी करणार होत्या म्हणून नव्हे. नव्या बियाणाच्या शेतीत शिकलेल्या पुरुषाला फायदा होता, म्हणून मुले शिकणे लाभाचे ठरले, आणि साक्षर आईच्या घरची मुले घरी जास्त वेळ अभ्यास करत. स्त्रीशिक्षणाचा परतावा तिथेही होता. पण तो पुढच्या पिढीच्या कमाईतून, आणि बहुधा मुलग्याच्याच, वसूल व्हायचा. केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठीच्या विनामोबदला घरकामावर ते करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो, असे २०२४ मध्ये आढळले. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, आणि मुलींचे शिक्षण इतके वाढूनही दोघांमधले अंतर जवळपास जिथल्या तिथे राहिले.

मग आईबाप मुलीला शिकवतात ते कोणत्या हिशेबाने? इथे आपण सगळे जरा आडून बोलतो. विवाहमंडळातील बायोडेटा उघडून पाहावेत. ‘शिक्षण : एम.कॉम.’ या ओळीखाली ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द अजूनही असतो, आणि अपेक्षांच्या रकान्यात ‘लग्नानंतर नोकरी करण्यास हरकत नसावी’ अशी विनंती केलेली असते. मुलगी जितकी शिकेल तितका तिच्याहून जास्त शिकलेला आणि जास्त कमावता मुलगा शोधावा लागतो, आणि अशा मुलाकडच्या मंडळींच्या अपेक्षा वेगळ्या असतात. १९६१ च्या कायद्याने हुंड्यावर बंदी आली, तेव्हापासून आपण त्याला मानपान म्हणतो. ‘परक्याचे धन’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, तिथे मुलीच्या शिक्षणाचा खर्च एका घराने करायचा, फळ दुसऱ्या घराने खायचे आणि वर पहिल्या घराने काही रक्कम मोजायची, अशी व्यवस्था आहे. तरीही आपल्याकडचे आईबाप मुलींना शिकवत आहेत, याबद्दल त्यांचे कौतुकच करावे लागेल. पण हिशेब त्यांच्या विरुद्ध आहे, हे मान्य करायला हवे.

उलट व्यवस्था असली की काय होते, याचा इंडोनेशियातील पुरावा विचार करायला लावणारा आहे. तेथील सरकारने १९७३ ते १९७८ या काळात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्या शाळांमुळे पुरुषांचे शिक्षण आणि वेतन वाढल्याचे एस्तेर दुफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवले, आणि तो अभ्यास आज प्रसिद्ध आहे. मुलींचे चित्र मात्र सरसकट नव्हते. ज्या समाजांत लग्नात वराकडून वधूच्या आईबापांना धन देण्याची चाल आहे, म्हणजे आपल्याकडे जिला देज म्हणतात ती, तिथे नव्या शाळांनी मुलींचे शिक्षण वाढले. जिथे ही चाल नाही तिथे ते वाढल्याचे दिसले नाही. नावा अश्रफ, नेथन नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० चा हा निष्कर्ष आहे. शिकलेल्या मुलीचे देज जास्त येते, म्हणून बापाला शाळा परवडते. मी देजाची भलामण करत नाही. ती चाल मुलीचा सौदाच करते. पण शाळेची इमारत तीच आणि शिक्षकही तेच असताना मुलगी शाळेत जाणार की नाही हे शाळेबाहेरच्या एका रिवाजावर ठरते, ही गोष्ट केवळ वर्गखोल्या मोजणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना खाली पाहायला लावते.

इतर प्रदेशांतली मोजमापे परस्परविरोधी आहेत, तीही सांगितली पाहिजेत. गीता किंगडन यांनी १९९८ मध्ये लखनौमधील कुटुंबांच्या पाहणीवरून असा निष्कर्ष काढला, की श्रमबाजारात मुलींच्या शिक्षणाचा परतावा मुलांपेक्षा कमी आहे. मोनाझ्झा अस्लम यांनी २००९ मध्ये पाकिस्तानबाबत नेमके उलट मांडले, की नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा परतावा पुरुषांपेक्षा बराच जास्त आहे, मात्र नोकरीपर्यंत पोहोचणाऱ्याच थोड्या. जॉर्डनमध्ये मुली शिक्षणात मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे आहेत आणि सातांतली एखादीच स्त्री श्रमबाजारात आहे. म्हणजे ‘मुलींच्या शिक्षणाचा परतावा किती’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. तो कुठे आणि कोणाच्या हाती मोजायचा, यावर सगळे अवलंबून आहे.

आता मी ज्या अभ्यासासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे वळते, कारण तो आपल्या दादरचा आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेंझवाइग यांनी दादर परिसरातील शाळांतून १९८२ ते २००१ या वीस वर्षांत शिकायला लागलेल्या मुलामुलींची माहिती गोळा केली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रश्न असा होता, की इंग्रजी येणाऱ्यांचे पगार झपाट्याने वाढत असताना कोणती घरे मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात? कष्टकरी जातींतील घरे मुलग्यांना मराठी शाळेत आणि मुलींना अधिकाधिक इंग्रजी शाळेत घालत होती, असे निघाले. मुलांना जातभाईंच्या, गाववाल्यांच्या ओळखीने काम मिळण्याची वाट पिढ्यान्पिढ्या रुळलेली होती, आणि त्या वाटेला इंग्रजीची गरज नव्हती. मुलींसाठी अशी वाट कधी नव्हतीच. त्यामुळे त्यांना अडकवणारेही काही नव्हते.

माझे मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मामेभाऊ अठरा वर्षांचा झाला तेव्हा मुकादमाशी बोलून त्याला बदली कामगार म्हणून लावण्यात आले. घरात पेढे वाटले गेले. धाकट्या मामेबहिणीचे काय करायचे, असा प्रश्न कोणी काढलाच नाही, म्हणून ती गल्लीतल्या टायपिंग क्लासला जाऊ लागली आणि तिथून इंग्रजीच्या शिकवणीला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढची दोन वर्षे त्या खोलीचे भाडे आणि रेशन टायपिंग शिकलेल्या मुलीने भरले. हे मी अभ्यासाचा पुरावा म्हणून देत नाही, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. पण तो अभ्यास वाचताना मला मामीचा चेहरा आठवला. मुलीच्या पगाराचे पैसे मोजून घेताना तिला लाजल्यासारखे व्हायचे.

दादरच्या त्या मुलींकडे शहर होते, लोकल होती, फोर्टातली कार्यालये होती. आजूबाजूला काम दिसले की घरचा हिशेब बदलतो, याला खेड्यांतलेही आधार आहेत. रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतील १६० खेड्यांत एक प्रयोग केला : चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही खेड्यांत बीपीओ (कॉल सेंटरसारख्या) कंपन्यांसाठी तरुण मुलींची भरती करणारी माणसे तीन वर्षे जात राहिली, उरलेल्यांत गेली नाहीत. जिथे ती गेली तिथे तरुण मुलींची लग्ने आणि बाळंतपणे लांबली, आणि त्याहून लहान मुली शाळेत जास्त टिकल्या व त्यांचे वजनही सुधारले. ना कोणाला शिष्यवृत्ती दिली, ना प्रबोधनाची पत्रके वाटली. नोकरी आहे आणि ती आपल्या मुलीला मिळू शकते, एवढीच माहिती दारात आली. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांतही मुली शाळेत अधिक काळ राहिल्या आणि लग्ने उशिरा झाली, कारण त्या कामात लिहिता-वाचता आणि मोजमाप करता येणारीला जास्त पैसे मिळतात. कारखान्यांतली कामाची परिस्थिती वाईट आहे, हे खरे असूनही हे घडले.

आपल्याकडे शिकलेल्या ग्रामीण बाईला दारात मिळणारे काम कोणते? अंगणवाडी आणि आशा. विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिका आणि शिक्षिका करून स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून केले. त्या परंपरेतली ही कामे आहेत. अंगणवाडी सेविकेला आता बारावी उत्तीर्ण असावे लागते. ती बालकांची वजने घेते, पोषण आहार देते, मोबाइलमध्ये नोंदी भरते, निवडणुकीच्या काळात मतदारयाद्याही तिच्याच गळ्यात पडतात. पण तिला मिळते ते ‘मानधन’. वेतन म्हटले की वेतनश्रेणी, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन सगळे मागोमाग येते. मानधन म्हटले की आभार मानून मोकळे होता येते. अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यावे लागले, योजना १९७५ पासून चालू असताना. त्याच २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव त्यांना पुरेसा मिळाला आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत एम.एस्सी., बी.एड. झालेल्या मुली जे घेतात त्याचा आकडा मी लिहीत नाही. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याच्या हाताखालचा माणूस त्याहून जास्त घेतो, एवढे सांगून थांबते. बाईच्या शिक्षणाला किंमत नाही असे नाही. ज्या कामात बायकाच असतात त्या कामाची किंमत खाली ठेवली जाते.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण हा हिशेबाच्या एकाच बाजूचा, खर्चाच्या बाजूचा उपाय झाला. दुसऱ्या बाजूला आपण काय केले? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. परंतु औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी सुटते तेव्हा गावाकडे जाणारी गाडीच नसेल, तर निम्म्या तिकिटाचा उपयोग कोणाला? शाळेच्या वेळेला धरून गाड्या सोडता येतात हे मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्यांनी दाखवले आहे. पाळीच्या वेळेला धरून त्या का सोडता येऊ नयेत? प्रसूती रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, ते योग्यच झाले. पण कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेबाहेर तिचा सगळा भार एकट्या मालकावर पडतो, आणि दहा-बारा माणसांच्या कार्यालयाचा मालक मुलाखतीतच ‘लग्न कधी?’ असे विचारून स्वतःपुरता तोडगा काढतो. पाळणाघराची सक्ती पन्नास कर्मचाऱ्यांपासून पुढे. तालुक्याच्या गावी पन्नास कर्मचारी असलेल्या किती जागा आहेत, हे एकदा बाजारपेठेतून चालत गेले तरी कळेल.

म्हणून माझी दोन मागण्यांपुरती विनंती आहे. पहिली शासनाला. २०२४-२५ मध्ये शुल्कमाफी घेऊन अभियांत्रिकीला गेलेली पहिली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल. या मुलींची नावे, आधार क्रमांक आणि बँक खाती शासनाकडे आहेतच. त्या २०२९ मध्ये आणि २०३३ मध्ये काय काम करतात, त्याचे पैसे मिळतात का, आणि मिळत असल्यास कोणाच्या खात्यावर जमा होतात, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे जिल्हावार प्रसिद्ध करावीत. त्याच महाविद्यालयांतल्या मुलांनाही तेच विचारावे. त्यासाठी नवे महामंडळ लागणार नाही.

दुसरी विनंती आपणास. पुढच्या निकालाच्या दिवशी मुलींची बाजी पहिल्या पानावर अवश्य छापावी. त्याच अंकात आतल्या पानावर, दहा वर्षांपूर्वी आपणच ज्यांची छायाचित्रे पेढा भरवताना छापली होती, त्या मुलींना शोधून त्यांच्या संमतीने त्या सध्या काय करतात ते छापता येईल का? जुने अंक आपल्या कार्यालयात असतीलच. आमच्या शाळेतल्या मुलींचे पत्ते हवे असल्यास, आणि त्या मुलींची हरकत नसल्यास, ते काढून देण्याचे काम मी करीन. त्यांची सासरची नावे मात्र रजिस्टरात नाहीत, ती गावात विचारावी लागतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
(जिल्हा सातारा)